नव्याचं जुनं करून द्या

"म्हणजे मोबाइलमधला व्हिडिओ तुम्हाला कॅसेटवर हवाय?" दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "अहो ताई, लोक इथं कॅसेटी घेऊन येतात आणि पेनड्राइव्ह घेऊन जातात. तुम्ही उलट्याच निघालात!"

"आमचे बाबाच उलटे आहेत," ताई म्हणाली.

शेजारी उभ्या दादानं पिशवीतून कॅसेट काढली. बाबा घराबाहेर पडल्या पडल्या त्यानं ती कपाटातून लंपास केली होती. ते परतायच्या आत ती जागेवर हवी, नाहीतर दादाची काही धडगत नव्हती.

कॅसेटवर ताईचा पाचवा वाढदिवस होता. बाबा दर रविवारी संध्याकाळी खोलीचं दार लावून ती बघत. "पोरीचं तोंड बघणार नाही" म्हणून गरजलेला माणूस दर आठवड्याला तिचंच तोंड बघत बसायचा. आता काय म्हणायचं! ताईनं एका ड्रम वाजवणाऱ्याशी लग्न केलं, एवढंच निमित्त. "ठोकाठोकीवर घर चालतं का?" असं ते चारचौघांत बोलून बसले. ताईही त्यांचीच लेक. तिनंही परत त्या घरात पाऊल टाकलं नाही.

"माझी मुलगी चालायला लागली हो, आणि त्यांनी तिला अजून एकदाही पाहिलं नाही," ताई म्हणाली. "दादानं मोबाइलवर दाखवून बघितलं, तर म्हणे, किल्लीच्या भोकातून माणसं बघायची मला सवय नाही."

म्हणून हा बेत. केक कापून झाल्यावर कॅसेटच्या शेवटी थोडी फीत कोरी होती. तिथं नातीची पहिली पावलं चढवायची. रविवारी बाबा आपले टीव्हीसमोर बसलेले असतील, केक संपेल आणि नात चालत येईल. मग बघू, कसे तोंड फिरवतात!

"डोकेबाज आहात," दुकानदार खूश झाला आणि कामाला लागला. "उभा काढलाय व्हिडिओ. टीव्हीसाठी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या देतो. आणि इथं झटपट काही नाही हं. जेवढा व्हिडिओ, तेवढाच वेळ लागणार."

फाइल बदलत होती तोवर त्यानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. "ही कडेची टिकली मोडली की कॅसेटवर नवं काही चढत नाही. तुमची मोडलेलीच आहे, पण भोकावर कुणीतरी चिकटपट्टी लावलीय. चला, माझं एक काम वाचलं."

"बाबा दिसेल त्याला चिकटपट्टी लावतात," दादा म्हणाला.

"बाळाला नाही आणलंत?"

"तिच्या बापाच्या गळ्यात मारलीय. सुट्टीच्या दिवशी तो तिला फिरवून आणतो, तेवढीच माझी सुटका." ताईचं लक्ष कॅसेटवरच होतं. "दादा, त्यांनी टीव्ही बंदच केला तर?"

"चिमे, मी रिमोट लपवतो. मग तर झालं?"

कोरी जागा शोधायला दुकानदारानं कॅसेट लावली. पडद्यावर नाकाला क्रीम फासलेली चिमी आली. मागे बाबा, कडक इस्त्रीचा शर्ट, पट्टीसारखे ताठ. दादाला हसू आवरेना. केक संपला आणि पडदा करडा झाला.

"इथून कोरी," म्हणत दुकानदारानं बटणाकडे हात नेला आणि तो तसाच थांबला. "अरेच्चा! इथं तर आधीच कुणीतरी काहीतरी चढवलंय. आवाज जरा मागे राहिलाय. मी असतो तर असं सोडलं नसतं."

पडद्यावर बागेतली हिरवळ होती. हिरवळीवर बाबा चक्क रांगत होते, इस्त्रीच्या शर्टाचा पार बोळा झालेला. त्यांच्या पाठीवर, कॉलर घट्ट धरून, ताईची लेक खिदळत होती.

कॅमेऱ्यामागून ताईच्या नवऱ्याचा आवाज आला. "बाबा, पुरे आता. उशीर झाला तर तुमच्या लेकीला संशय येईल."

"येऊ दे," घोडा धापा टाकत म्हणाला. "जावईबापू, अजून एक चक्कर!"