अर्धी बादली

केबलवर बोन्साय बघून शिवम्मानं कुंडीत वडाची तीन रोपं लावली आणि तिन्ही मेली. म्हणून बीडच्या दुकानात तिनं रंगीत फोटोंची पुस्तकं बाजूला सारली आणि झाडं का मरतात हे सांगणारं एकच उचललं.

शिरूरच्या एस्टीत तिनं नवऱ्याला वाचून दाखवलं, "बहुतेक बोन्साय जास्त पाण्यानं मरतात." मग पुस्तक मिटलं. "फसले बगा मी. आपल्याकडं टँकर आठवड्यानं येतो, जास्त पाणी कुठलं?"

नवरा हळूच म्हणाला, "पुस्तक बरूबर हाय. तू पाणी घातलं की मागून मी बी घालायचो. माझ्या आंघोळीतली अर्धी बादली."

"तरीच तुमच्या अंगाला लई वास येतोय," म्हणत शिवम्मा आणखी जवळ सरकली.