गुडघ्यासाठी प्रार्थना

"लोक मनातलं सांगतच नाहीत," ही पाळकसाहेबांची कायमची कटकट. म्हणून शार्दूलने अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी चर्चच्या वेबसाइटवर बिननावाने प्रार्थनेची विनंती पाठवायची सोय केली. कुणी पाठवली, ते त्यालाही कळणार नव्हतं. पहिलीच विनंती आली: "बावीस वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखावलाय. शनिवारच्या आत बरा होऊ दे." शोभाकाकूंनी तर तीन दिवस उपास धरला.

रविवारी उपासना संपताच त्यांनी कळवळून विचारलं, "शार्दूल, त्या लेकराचं काय झालं रे?"

शार्दूल तोंड उघडणार, तोच व्यासपीठावरून पाळकसाहेब गरजले, "ऐंशी यार्ड धावला पोरगा! टचडाउन! शोभाबाई, पुढच्या शनिवारची आपल्या टीमची फुटबॉल मॅच याहून अवघड आहे, एवढ्यात उपास सोडू नका."