सीटची उंची

शोरूममध्ये लेकीने पर्समधून मोजायची टेप काढली. आईला रोज हॉस्पिटलला न्यायचं, गल्ली अरुंद, म्हणून गाडी फार मोठी नको. पण गुडघे फारसे न वाकवता आईला बसता यावं इतकी उंच हवी. चौथ्या गाडीची सीट बरोब्बर आईच्या कमरेइतकी भरली.

“नवरा निवडताना काढली होतीस का गं ही टेप?” आई हसली.

“हीच द्या,” लेक म्हणाली.

“चार महिने वेटिंग आहे, मॅडम,” सेल्समन म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी तीनच महिने दिले होते, आणि ते तिने आईपासून लपवलं होतं.

आईने हळूच तिच्या हातातली टेप घेतली.

 

“मग सीट तुझ्या मापाची बघ, बाळा.”