भिंतीवरचं तोंड

लेकानं हरणाचं मुंडकं जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर ठोकलं, तेव्हाच मी विचारलं, "आणि मांस कुठंय?"

"जंगलातच टाकलं, आई. कोण खातंय ते?"

मीही कोंबड्यांच्या माना मुरगळल्यात, पण भांडं चुलीवर ठेवल्याशिवाय एकही नाही. तसं बोलले, तर त्यानं शिकारीचा परवाना नाचवला. "सरकारची सही आहे यावर."

"आणि हरणाची?"

सून फिसकन हसली. तो चिडला.

त्या दिवसापासून जेवताना चावण्याचा आवाज येतो. पहिल्यांदा मी नातीला दटावलं, "तोंड मिटून खा गं!" तिनं रिकामं तोंड उघडून दाखवलं. मग आमचे सगळ्यांचेच हात थांबले. आवाज चालूच राहिला, सावकाश, रवंथ केल्यासारखा.

लेकाला मात्र तो ऐकूच येत नाही. ताटावर ताटं रिचवतो, तरी महिन्याभरात त्याच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरला काही सापडत नाही. "काढ रे ते मुंडकं," म्हणून मी पदर पसरला. मी, जिनं सासूपुढंही मान तुकवली नाही! "तुला काही कळत नाही," म्हणाला. उद्या पुन्हा शिकारीला निघालाय.

आज मी स्टुलावर चढून मुंडक्याची धूळ पुसली. तोंडापाशी फडकं ओलं झालं. बोट लावलं, तर ओठ कोमट होते.

खाली लेक जेवायला बसला. मनगटं नुसती काटक्यांसारखी. वर आवाज सुरू झाला.

मी मुंडक्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "निदान तू तरी मारतोयस ते खातोयस."