मामावर गेलाय

दवाखान्याच्या सातव्या पायरीवर मुलगा मटकन बसला. वय चोवीस.

"मामावर गेलाय," मास्तर म्हणाले.

"तुमच्यावर गेलाय," बायको म्हणाली. हा संवाद त्यांच्या घरात वीस वर्षं औषधासारखा चालू होता. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शिंपी. एक बाही शिवली की मशीनवर डोकं टेकायचा. बत्तिसाव्या वर्षी तसाच टेकला, तो उठलाच नाही. "मरायलासुद्धा पलंगापर्यंत जायचा कंटाळा केला पठ्ठ्याने," असं मास्तर तेव्हा म्हणाले होते. दोघं-तिघं हसलेही होते.

आत डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हा आळस नाही. आपल्या पेशींमध्ये तंतुकणिका असतात..."

"पेशीचं ऊर्जाकेंद्र," मास्तरांच्या तोंडून आपसूक निघालं. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं.

"बरोबर. अन्नातून शक्ती त्याच बनवतात. याच्या पुरेशी बनवत नाहीत. पोट भरलेलं असतं, पण आतून पोरगा उपाशी. आता हृदयही थकलंय. औषधांनी थोडं सावरेल. बरा मात्र होणार नाही." त्यांनी चष्मा काढला आणि मुलाच्या आईकडे पाहिलं. "हे आईकडून येतं. तुमच्या माहेरी असं कुणी होतं का? भाऊबिऊ?"

मास्तरांना उत्तर येत होतं. तंतुकणिका मुलाला आईकडूनच मिळतात, बापाकडून नाही. हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणजे वीस वर्षं ते अगदी बरोबर बोलत होते. बायकोपुढे जिंकायची इतकी सणसणीत संधी त्यांच्या संसारात पुन्हा येणार नव्हती.

बायकोने पिशवीचे बंद मुठीत आवळले.

"म्हणजे माझ्याकडूनच. तुम्ही म्हणत होतात तेच खरं. मामावर गेलाय."

मुलगा भिंतीला टेकून आईकडे बघत होता.

मास्तरांनी घसा खाकरला.

"काहीतरीच काय बोलतेस," ते म्हणाले. "माझ्यावर गेलाय तो. थेट माझ्यावर."

पस्तीस वर्षांत या उत्तराला त्यांनी कुणालाही अर्धा गुणसुद्धा दिला नव्हता.