नावाड्याची मुकी फेरी

घशाच्या ऑपरेशनमध्ये नावाड्याचा आवाज गेला. ज्याच्या तोंडाचा पट्टा होडी काठाला लागेपर्यंत थांबायचा नाही, तो आता प्रवाशांना नदी काय दाखवणार? बायकोने त्याच्या गळ्यात पाटी अडकवली आणि स्वतःही होडीत बसली. "लिहून सांगा, पण घरात तोंड पाडून बसू नका." पहिल्याच वळणावर ओल्या हातात खडूचा लगदा झाला. प्रवासी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओशाळून त्याने वल्हं वर घेतलं आणि नुसतं खाली बोट दाखवलं. नितळ पाण्याच्या तळाशी, झऱ्याच्या तोंडावर, वाळू नाचत होती. सगळे चिडीचूप. तेवढ्यात होडीला खेटून पाणमांजर वर आलं, मागोमाग दोन पिल्लं. त्याच्या होडीतून आजवर एकही दिसलं नव्हतं. "दिसणार कसं? तुम्ही कधी गप्प बसलात?" बायको खिदळली. त्याने ओल्या बोटाने पाटीवर लिहिलं, "हळू बोल. पिल्लं घाबरतील."