तीन सप्तमांश

"ये, फळ्यापाशी ये," नव्या बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली.

मागच्या भिंतीशी, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे आखडून मोठे सर बसले होते. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. शाळेच्या समितीवर मात्र ते अजून होते, आणि नव्याने येणाऱ्याचा एक तास बघून शेरा देण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. फळ्याकडे निघालेली मुलगी त्यांची नात होती.

नव्या बाई अजून खऱ्या बाई नव्हत्या. औषधांच्या दुकानात काउंटरवर सहा वर्षं काढल्यावर शिक्षिका व्हायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "आधी पंधरा दिवस वर्गात उभी राहून बघ," वहिनी म्हणाली होती, "जमलं तर प्रशिक्षणाचा फॉर्म भर. नाहीतर दोन वर्षंही जायची आणि घसाही." म्हणून दुकानातून रजा काढून त्या आपल्याच जुन्या शाळेत, पाचवीच्या वर्गावर आल्या होत्या. पहिला आठवडा छान गेला. मुलं मधल्या सुट्टीतही त्यांना सोडेनात.

मग सोमवारी शिक्षकांच्या खोलीतून तो आवाज आला. सर पाठमोरे होते, तरी बाईंच्या हातातली खडूची पेटी खाली पडली. सरांनीच ती उचलून दिली. ओळखलं नाही. "गुरुवारी तुमचा तास बघेन," एवढं म्हणाले.

त्या दुपारी बाईंनी हजेरीपट पुन्हा वाचला. सरांचं आडनाव त्या आठवडाभर रोज पुकारत होत्या. त्यांनी त्या मुलीची वही घरी नेली आणि तिचं नेमकं कुठे चुकतं ते शोधून काढलं. अपूर्णांकांची बेरीज करताना ती वरचे आकडे वर मिळवायची, खालचे खाली.

मुलीने खडू घेतला. फळ्यावर बाईंनी गणित आधीच लिहून ठेवलं होतं. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश.

पंधरा वर्षांपूर्वी, पाचवीतच, हेच गणित सरांनी बाईंना फळ्यावर घातलं होतं. त्यांनी उत्तर लिहिलं होतं तीन सप्तमांश. सर ओरडले नव्हते. ते कधीच ओरडत नसत, कुणावर हातही उगारत नसत. वर्गाकडे वळून शांतपणे म्हणाले होते, "टाळ्या वाजवा रे. नवीन गणित शोधलंय हिने." सर हात वर करीपर्यंत थांबायचं नाही हे मुलांना ठाऊक होतं, आणि सरांनी हात लवकर वर केला नव्हता. 'सप्तमांश' हे नाव त्याच मधल्या सुट्टीत पडलं. दहावीचा निकाल लागला तरी ते सुटलं नव्हतं.

मुलीने तीन लिहिले. खाली रेघ मारली. सात लिहिले.

बाईंनी फळ्याकडे पाहिलंच नाही. त्या मागच्या बाकाकडे बघत होत्या.

"टाळ्या वाजवा रे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनीही चढवला नाही. "नवीन गणित शोधलंय हिने."

मुलं आधी गोंधळली. मग कुणीतरी एकाने वाजवली, आणि खिडकीपासून दारापर्यंत सगळा वर्ग वाजवू लागला. मुलीचे कान लाल झाले. हातातला खडू कुठे ठेवावा ते तिला सुचेना. बाईंनी हात वर केला नाही. छातीत वर्षानुवर्षं घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी सैल होत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते गोड लागत होतं. आता सर उठतील. आता म्हणतील, पुरे.

सरांची मान खाली होती. खांदे हलत होते. रडतोय म्हातारा, बाईंना वाटलं.

सरांनी मान वर केली. ते हसत होते, आणि टाळ्या वाजवत होते.

घंटा झाली. मुलं धावत बाहेर गेली. सर बाकाला धरून उठले, हळूहळू पुढे आले आणि बाईंच्या टेबलावर वाकून त्यांनी शेरा लिहिला. उत्तम.

"वर्ग ताब्यात ठेवता येतो तुम्हाला," ते म्हणाले. "हे प्रशिक्षणात मिळत नाही. अंगातच असावं लागतं."

"ती तुमची नात आहे, सर." बाईंना राहवलं नाही.

"मग? घरी सगळ्यांनी लाडावून ठेवलीय. आता जन्मात चुकायची नाही बघा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही कुठल्या शाळेच्या?"

"याच. पाचवीत तुमच्याच वर्गात होते."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"तरीच!" ते म्हणाले, आणि नातीकडे न बघता बाहेर गेले.

मुलगी अजून फळ्यापाशीच उभी होती. रडली नव्हती.

"इकडे ये," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मी समजावते. छेद आधी सारखे करून घ्यायचे असतात. बघ, बारा..."

मुलीने फळ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या बाकाशी गेली, वहीचं शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिल घेतली.

"बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला गं?"

मुलगी पेन्सिल धरून वाट पाहत राहिली. बाईंनी नाव सांगितलं. ती एकेक अक्षर जपून लिहू लागली. आडनावापाशी तिचा हात थांबला. तिने मान वर करून बाईंचा चेहरा नीट पाहून घेतला.

"यातली वेलांटी," तिने विचारलं, "पहिली की दुसरी?"